चौलचा दयासंघ व आपली सेवा



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणपुस्तिकेसाठीं कांहीं इतिहास लिहावा, अशी आज्ञा समितीनें आम्हांस केली. इतिहास म्हटला म्हणजे देऊळ केव्हां बांधलें, घंटा कोणीं दिली, कोणते धर्मगुरु किती वर्षें राहिले, याची जंत्री वाचकांस अपेक्षित असते. ती जंत्री या पुस्तिकेंत अन्यत्र दिलेलीच आहे. तेव्हां तिची पुनरुक्ति येथें करीत नाहीं. आमच्या मनांत कित्येक दिवस एक निराळाच प्रश्न घोळत आहे, व तो आपणांपुढें मांडणें आम्हांस अधिक उचित वाटतें. या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर आपला धर्म येऊन पांचशें वर्षें लोटलीं. एवढ्या काळांत येथें दीनदुबळ्यांची जी सेवा झाली, तिच्यांतलें काय टिकलें, काय लयास गेलें, आणि कां?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. अलिबागेच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या मुखाशीं, रेवदंडा आहे. नारळी-पोफळींच्या दाट वाड्यांतून चालत असतां एकाएकीं एखादी भग्न कमान समोर येते, पुढें छप्पर नसलेल्या देवळाची भिंत, आणि सभोंवार काळ्या दगडांचा तट. हेंच पोर्तुगीजांचें चौल. अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीनें त्यांनीं १५१६ सालीं येथें वखार घातली, व १५२१ सालीं किल्ल्याचें काम आरंभिलें. १५७०-७१ सालीं निजामशाही फौजेनें घातलेला मोठा वेढा या शहरानें सोसला. पुढें १५९४ सालीं खाडीपलीकडील कोर्लईची टेकडीही पोर्तुगीजांच्या हातीं आली. मुंबईंत राहणारे गोमंतकीय विद्वान डॉ. जोझे जेर्सन द कुन्या यांनीं १८७६ सालीं चौल व वसई यांच्या प्राचीन अवशेषांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तटाच्या आंत मुख्य देऊळ होतें, डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, ऑगस्टिनियन व येशूसंघीय या चारही संघांचीं मंदिरें होतीं, रुग्णालय होतें. फ्रान्सिस्कनांच्या मंदिराचा उंच मनोरा, ज्याला गांवचे लोक सातखणी म्हणतात, तो आजही उभा आहे.

या सर्व वैभवांत एक संस्था अशी होती कीं तिचें नांव आज आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. तिला पोर्तुगीज भाषेंत ‘मिझेरिकॉर्दिया’, म्हणजे दया, असें म्हणत. आपण तिला दयासंघ म्हणूं.

दयासंघाची स्थापना १४९८ सालीं लिस्बन शहरांत झाली. त्याच वर्षीं वास्को द गामा कालिकतास पोंचला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. राजा दुसरा जुआंव याची विधवा राणी लेओनोर हिच्या आश्रयानें कांहीं श्रद्धाळू गृहस्थ एकत्र आले. हे धर्मगुरु नव्हते, संन्यासी नव्हते; संसारी माणसें होतीं. आपल्या धर्मशिक्षणांत दयेचीं चौदा कृत्यें शिकवितात, सात शरीराचीं व सात आत्म्याचीं. तीं केवळ पाठ न करितां आचरावीं, एवढाच त्यांचा नेम. भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, निराश्रितास आसरा, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची सुटका आणि मृताची मूठमाती, हीं शरीरविषयक सात कृत्यें. आरंभीं सभासद शंभर होते. त्यांतील निम्मे घरंदाज सरदार व निम्मे हातांनीं काम करणारे कारागीर असत. संघाच्या निशाणावर पवित्र मारियेचें चित्र असे. तिच्या पसरलेल्या झग्याखालीं राजा व भिकारी, धर्माध्यक्ष व विधवा, सारे शेजारीं शेजारीं गुडघे टेकलेले दाखवीत.

त्यांच्या कामांत एक काम आम्हांस विशेष हृदयद्रावक वाटतें. फांशीची शिक्षा झालेल्या माणसाबरोबर संघाचे बंधु वधस्तंभापर्यंत चालत जात. ज्याच्याजवळ उभें राहण्यास सख्खे नातलगही लाजत, त्याच्याजवळ हे उभे राहत. पुढें सर्व संतांच्या सणाच्या दिवशीं अशा अभाग्यांच्या अस्थि मिरवणुकीनें आणून पवित्र भूमींत पुरीत. त्यांनीं त्याचा अपराध माफ केला असें नव्हे. परंतु मेल्यावर माणूस बेवारस राहूं नये, एवढें त्यांनीं पाहिलें.

पोर्तुगीज जेथें जेथें गेले, तेथें तेथें या संघाच्या शाखा निघाल्या. गोवें, कोची, दमण, दीव, वसई आणि आपलें चौल, या सर्व ठिकाणीं दयासंघ होता. या देशांत त्याच्याकडे आणखी एक नाजूक जबाबदारी आली. समुद्रापार येऊन तापानें, अतिसारानें वा लढाईंत मेलेल्या माणसाची चीजवस्त हिशेबानें मोजून त्याच्या दूरदेशीच्या वारसांकडे पोंचविणें, हें काम लोक विश्वासानें संघाकडे सोंपवीत. अनाथ मुलींच्या लग्नासाठीं हुंड्याची तजवीज करणें, तुरुंगांतील कैद्यांस जेवण पोंचविणें, हींही कामें तो करी.

या संघाचें मोल ज्यांनीं उत्तम जाणलें, ते संत फ्रान्सिस झेवियर होत. ते चौलासही येऊन गेले अशी परंपरा आहे. रेवदंड्याच्या अवशेषांतील एका छोट्या मंदिराला त्यांचेंच नांव आहे. लिस्बनहून निघतांना त्यांच्याजवळ पोपचा प्रतिनिधि म्हणून अधिकारपत्र होतें. अशा पदवीच्या पुरुषानें जहाजावर एक नोकर बरोबर घ्यावा, असें राजाच्या एका वजनदार अधिकाऱ्यानें त्यांस सुचविलें. लोकांदेखत आपले कपडे आपणच धुतलेत तर तुमच्या पदाचा मान काय राहील, असा त्याचा मुद्दा होता. संतांनीं नोकर नाकारला. ही मान राखण्याची हौसच धर्मसभेला या अवस्थेस आणून पोंचविती झाली आहे, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. तेरा महिन्यांच्या प्रवासांत त्यांनीं आजारी खलाशांची सेवा केली, आणि ६ मे १५४२ रोजीं गोव्यास पोंचल्यावर राहण्यास वाडा न मागतां रुग्णालयांत बिऱ्हाड केलें. जो रोगी अधिक अत्यवस्थ, त्याच्या खाटेजवळ जमिनीवर ते निजत.

१५४९ सालीं त्यांनीं आपले सहकारी फादर गास्पार बार्झेउस यांस होर्मुझ येथें पाठविलें, तेव्हां एक विस्तृत उपदेशपत्र लिहून दिलें. त्यांत प्रवचनाविषयीं आहे, कुमसाराविषयीं आहे. पण दयासंघाविषयींची सूचना आम्हीं आमच्या तरुणपणीं सेमिनरींत प्रथम वाचली ती अद्याप विसरलों नाहीं. संघाच्या बंधूंशीं मैत्री ठेव, त्यांना मदत कर, आणि लोक जो पैसा दानार्थ तुझ्याकडे आणतील तो स्वतः न वांटतां संघाच्या हातीं दे, असें त्या सूचनेचें तात्पर्य. याचें कारण व्यवहाराचें होतें. खरा गरजू कोण व ढोंगी कोण, हें संघाला अधिक कळे. शिवाय धर्मगुरूच्या हातांत पैसा खेळूं लागला म्हणजे लोक देवासाठीं येण्याऐवजीं पैशासाठीं येऊं लागतात. पण या व्यवहारांत एक मोठें वैराग्यही आहे. दान देणारा हात लोकांस दिसतो, लोक त्याला दुवा देतात, आणि ती दुवा गोड लागते. संतांनीं आपल्या माणसाला त्या गोडीपासूनच दूर ठेविलें.

येथवर जें लिहिलें तें वाचून आपणांस अभिमान वाटला असेल, आम्हांसही वाटतो. परंतु इतिहास लिहिणाऱ्यानें एकच बाजू लिहिणें हें कुमसारांत अर्धें पाप सांगण्यासारखें आहे. दयासंघाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे.

जसजसा संघाचा पैसा वाढला, तसतसा त्याचा मान वाढला. आणि जेथें मान आला तेथें पायऱ्या आल्या. निम्मे सरदार व निम्मे कारागीर ही मूळची व्यवस्था दोघांना एका निशाणाखालीं आणण्यासाठीं होती. तीच पुढें पहिल्या दर्जाचे व दुसऱ्या दर्जाचे बंधु अशी विभागणी होऊन बसली. संघाचा प्रमुख घरंदाजच असावा, असा दंडक झाला. १६१८ सालच्या नियमावलींत सभासदाचें रक्त ‘शुद्ध’ असावें, म्हणजे त्याच्या कुळांत यहुदी वा मुसलमान पूर्वज नसावा, अशी अट स्पष्ट आहे. हिंदुस्थानांत या अटीला आणखी एक धार आली. येथले दयासंघ मुख्यत्वें पोर्तुगीजांच्याच हातीं राहिले. ज्यांनीं याच मातींत बाप्तिस्मा घेतला, ते संघाच्या दारीं अन्न घेण्यास येऊं शकत. संघाच्या मेजाशीं बसूं शकत नसत. गोव्याच्या प्रसिद्ध राजकीय रुग्णालयाची ख्याति युरोपांत पसरली होती. पण तेंही युरोपियांसाठींच होतें, आणि देशी ख्रिस्ती आजाऱ्यांची सोय निराळी.

आमचा हेतु मृतांचा न्याय करण्याचा नाहीं. त्या बंधूंनीं हजारोंना जेवूं घातलें, हजारोंना मूठमाती दिली. परमेश्वरानें तें आपल्या वहींत लिहिलें असेलच. आम्ही एवढेंच म्हणतों कीं त्यांनीं पुष्कळ दिलें, पण आपली जागा दिली नाहीं. प्रभूनें शेवटच्या भोजनाच्या रात्रीं शिष्यांचे पाय धुतले, तेव्हां तो आधीं आसनावरून उठला व त्यानें अंगावरचा झगा काढून ठेविला, हें संत योहान मुद्दाम सांगतो. बसल्या जागेवरून पाय धुतां येत नाहींत.

पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. तेथें मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यांत आली, ही गोष्ट मराठ्यांच्या उदारपणाची म्हणून नमूद केली पाहिजे. १७४० सालीं तहानें चौल व कोर्लईही मराठ्यांकडे गेलीं. ज्यांच्याजवळ जहाज, पैसा व गोव्यांत सोयरे होते, ते निघून गेले. सरदार गेले, कारखानदार गेले, मठ रिकामे पडले. दयासंघाचा प्रमुख, त्याचें निशाण, त्याच्या मेजासभोंवारच्या पहिल्या व दुसऱ्या दर्जाच्या खुर्च्या, यांपैकीं चौलांत कांहींही उरलें नाहीं. देवळांच्या गाभाऱ्यांत माड वाढले.

मग उरलें काय? खाडीपलीकडे पाहा. कोर्लईच्या टेकडीच्या पायथ्याशीं एक ख्रिस्ती वस्ती आहे. संख्या हजाराच्या आसपास. देऊळ कार्मेल मातेचें. ज्यांना कोठें जाण्याची सोय नव्हती, अशा गरीब लोकांची ही संतति. त्यांच्या तोंडीं अजूनही एक भाषा आहे, जिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली बोली’, असें म्हणतात. पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासांतून ती जन्मली, आणि परदेशांतील भाषापंडित तिच्यावर ग्रंथ लिहितात. कुंडलिकेवर पूल होईपर्यंत तरींतून ये-जा करणाऱ्या या वस्तीनें राज्य गेलें, धनी गेले, तरी श्रद्धा सोडली नाहीं. दयासंघाच्या मेजाशीं ज्यांच्या पूर्वजांना कोणीं जागा दिली नसती, त्यांनींच या किनाऱ्यावर धर्म राखला.

आणि दयेचीं कृत्येंही राखलीं. आम्हीं या किनाऱ्यावरील लहान ख्रिस्ती वस्त्यांत पुष्कळ वर्षें काढिलीं आहेत. कोणाच्या घरीं मरण आलें म्हणजे कोणी सभा बोलावीत नाहीं, ठराव करीत नाहीं. दोघे-तिघे कुदळ-फावडीं घेऊन दफनभूमीकडे जातात. त्या घरची चूल पेटत नाहीं, म्हणून शेजारणी आपल्या घरून पेज व भात पाठवितात. रात्रीं मयताजवळ रोझरीची प्रार्थना चालते. ज्या माणसाशीं बांधावरून कालपर्यंत भांडण होतें, तोही खांदा देण्यास येतो. हें सातवें कृत्य होय. लिस्बनच्या राणीनें ज्यासाठीं संघ स्थापिला, तें येथें नांवावांचून, निशाणावांचून चाललें आहे. खड्डा कोणीं खणला, याची नोंद आमच्या मृत्युपुस्तकांत नाहीं. त्यांत केवळ मृताचें व धर्मगुरूचें नांव असतें.

तथापि आपणही स्वतःची पाठ थोपटून घेऊं नये. सात कृत्यांतील दुसरें तहानेल्यास पाणी देण्याचें. त्याविषयीं आपल्याच जिल्ह्यानें सर्व देशास एक धडा दिला आहे. सावित्रीच्या तीरावरील महाड गांवच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. पण कागदावरचें पाणी अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या ओठांपर्यंत येईना. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले व त्यांनीं तें पाणी प्याले. त्यासाठीं त्यांना मार खावा लागला. आणि तळें बाटलें म्हणून तें शुद्ध करण्याचा विधीही झाला. तळ्यावरचा हक्क न्यायालयानें मान्य करण्यास १९३७ साल उजाडलें. वरून ओतलेलें पाणी तहान भागवितें, पण माणसाला माणूस म्हणत नाहीं, हें त्या लोकांनीं आपणांस दाखविलें.

हें दुसऱ्यांचें पाप आहे, असें कोणास वाटेल. आम्हांसही वाटत असे. आम्ही दीक्षा घेऊन नुकतेच एका धर्मग्रामांत साहाय्यक म्हणून गेलों होतों. उन्हाळ्यांत देवळाच्या कुंपणाचें काम कातकरी मजूर करीत होते. दुपारीं ते निवासाच्या मागल्या दारीं पाणी मागण्यास आले, तेव्हां आमच्या आचाऱ्यानें तांब्या उंच धरून त्यांच्या ओंजळींत पाणी घातलें. आम्ही व्हरांड्यांत बसून दैनिक प्रार्थना म्हणत होतों. पाणी दिलें जात आहे, एक दयेचें कृत्य होत आहे, असें समाधान आम्हांस वाटलें, आणि आम्हीं पुढलें पान उलटलें. त्यांतील एका म्हाताऱ्यानें पाणी पिऊन झाल्यावर ओल्या हातांनीं कपाळाला हात लावून आम्हांस जोहार केला. घरांत फडताळावर अर्धा डझन पेले होते. त्यांतला एक कां दिला नाहीं, हा प्रश्न आमच्या मनांत त्या दिवशीं आलाच नाहीं. तो येण्यास कित्येक वर्षें लागलीं. तो म्हातारा आतां हयात नसेल. त्याची क्षमा मागण्याची संधि आम्हीं गमावली, म्हणून ती येथें छापून मागत आहों.

आतां ज्युबिलीकडे वळूं. देणगीदारांचीं नांवें कोरलेली संगमरवरी शिळा देवळाच्या दर्शनी भिंतींत बसवावी, अशी सूचना समितीपुढें आली. नांवें रकमेच्या क्रमानें असावीं कीं कुळांच्या, यावर दोन बैठका गेल्या, आणि कांहीं जुन्या मित्रांचें बोलणें बंद झालें. आम्ही मध्यस्थी करीत होतों. पण खरें सांगावयाचें तर शिळेच्या माथ्यावर धर्मगुरूचें नांव येईल, ही गोष्ट आमच्या मनांतून जात नव्हती. घरीं येऊन हा लेख लिहावयास बसलों, रेवदंड्याच्या त्या भिंती डोळ्यांपुढें आल्या, आणि आम्हांस आमचीच लाज वाटली. तेथल्या भूमींतही अक्षरें कोरलेले दगड होते. गवत बाजूला करून तीं कोण वाचतो?

शिळा बसवावी कीं बसवूं नये, याचा निर्णय आपला आहे. आम्ही आज्ञा करीत नाहीं. आमचें नांव मात्र तींत घालूं नये, एवढी विनंती करितों. तिच्याऐवजीं आम्हांस तीन गोष्टी सुचतात. पहिली ही कीं आपल्या धर्मग्रामांत एक छोटा दयासंघ असावा, आणि त्यांत जमीनवाला व मजूर, मुंबईंत नोकरी करणारा व होडीवर जाणारा, पुरुष व स्त्री, हे सारखे बसावे, दर्जा एकच. दुसरी ही कीं संत फ्रान्सिसांच्या सूचनेप्रमाणें गरिबांसाठीं येणारा पैसा धर्मगुरूच्या हातीं न येतां या संघाच्या हातीं जावा, व त्याचा हिशेब दर तिमाहीस देवळाच्या दारावर लागावा. घेणाऱ्याचें नांव कोठेंही लागूं नये, देणाऱ्याचेंही लागूं नये. तिसरी गोष्ट अगदीं लहान आहे. ज्युबिलीच्या जेवणावळींत वाढपी म्हणून समितीचे सभासद व आम्ही स्वतः उभे राहूं. शेतांवर व वाड्यांत राबणारे आपले मजूर, ते कोणत्याही धर्माचे असोत, पहिल्या पंक्तीला बसतील. आणि त्यांचीं पात्रें व पेले इतरांच्याच असतील.

या तिसऱ्या सूचनेवर कोणी कुरकुर केली तर आम्हांस नवल वाटणार नाहीं. पाय धुण्याच्या रात्रीं प्रथम हरकत घेणारा संत पेत्रच होता. सेवा करून घेण्यास त्याला संकोच वाटला, आणि ज्याला सेवा करून घेतां येत नाहीं त्याला ती करतांही येत नाहीं, असें प्रभूनें त्यास त्या रात्रीं शिकविलें. आपल्यांतील वृद्धांनीं व आजाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें. ज्यांनीं आयुष्यभर दिलें, त्यांना शेवटीं घेतांना जड जातें. तेंही नम्रतेनें घ्यावें.

 कार्मेल मातेनें आपल्या झग्याखालीं आपणां सर्वांस, दर्जा न विचारतां, जवळ घ्यावें. जे खड्डे खणून नांव न सांगतां घरीं गेले, त्या आपल्या पूर्वजांच्या आत्म्यांस चिरशांति लाभो. आणि ज्या म्हाताऱ्यास आम्हीं पेला दिला नाहीं, त्यानें स्वर्गाच्या दारीं आमच्यासाठीं रदबदली करावी, हीच परमेश्वरचरणीं प्रार्थना. आमेन.